मोठा भाऊ १५ रुपये पगारातले ८ रुपये पाठवायचा, म्हणून गोपाळ कृष्ण गोखले शिकू शकले

गोपाळ कृष्ण गोखले म्हटलं की शाळेच्या पुस्तकातल्या दोन गोष्टी आठवतात. महात्मा गांधी त्यांना राजकीय गुरू मानायचे आणि लोकमान्य टिळकांशी त्यांचं पटायचं नाही. बस्स, विषय संपला.

पण गोखल्यांच्या आयुष्यातला सगळ्यात महागडा निर्णय ना गांधींशी संबंधित होता ना टिळकांशी. तो त्यांनी स्वतः घेतलासुद्धा नव्हता. तो घेतला त्यांच्या थोरल्या भावाने आणि वहिनीने. प्रश्न होता, मॅट्रिक झालेल्या धाकट्याला कॉलेजात घालायचं की नोकरीला लावायचं?

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. वडील कृष्णराव. शिकायची हौस असूनही परिस्थितीमुळे त्यांचं शिक्षण अर्धवट सुटलं होतं. कोकणातल्या तुटपुंज्या शेतीवर भागत नव्हतं म्हणून ते घाट चढून कागलला आले, कारकून म्हणून लागले आणि पुढे फौजदार झाले. आपलं राहिलं ते पोरांचं होऊ दे, या हिशोबाने त्यांनी गोविंद आणि गोपाळ या दोन्ही मुलांना कोल्हापूरला शिकायला ठेवलं.

१८७९ साली कृष्णराव गेले. मागे बायको, दोन मुलगे, चार मुली. गोविंद १८ वर्षांचा, गोपाळ १३ वर्षांचा. शिल्लक म्हणावी अशी काही नव्हती.

आता अशा वेळी घरात काय होतं हे वेगळं सांगायला नको. थोरला शाळा सोडतो. गोविंदनेही सोडली. कागलमध्येच त्याला नोकरी मिळाली, महिना १५ रुपये. त्यातले ८ रुपये तो दर महिन्याला कोल्हापूरला गोपाळला पाठवायचा. म्हणजे अर्ध्याहून जास्त पगार शिकणाऱ्या भावाला आणि उरलेल्या ७ रुपयांत अख्खं घर.

इकडे ८ रुपयांत गोपाळचं काय व्हायचं? तेव्हा रुपयाचे १६ आणे. म्हणजे ८ रुपयांचे १२८ आणे. महिन्याच्या तीस दिवसांत वाटले तर दिवसाला जेमतेम सव्वाचार आणे. त्यात राहणं, खाणं, फी, पुस्तकं, दिव्याचं तेल सगळं आलं. गोपाळ स्वयंपाक हाताने करायचा.

त्या दिवसांतला एक किस्सा त्यांच्या चरित्रांत हमखास येतो. एक मित्र गोपाळला नाटकाला घेऊन गेला. गोपाळला वाटलं, मित्राने नेलंय तर तोच बघेल. काही दिवसांनी मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळने काही न बोलता दिले आणि ते भरून काढायला घरातला दिवा बंद ठेवून रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला. थोर माणसांच्या गोष्टींत हे रस्त्यावरचे दिवे जरा जास्तच भेटतात, पण दोन आणे म्हणजे त्याच्या जवळपास अर्ध्या दिवसाचा खर्च होता हे धरलं, तर किस्सा पटण्यासारखा आहे.

१८८१ साली गोपाळ मॅट्रिक झाला. वय १५.

त्या काळी मॅट्रिक म्हणजे शेवटची पायरीच होती. मॅट्रिक झालेल्या मुलाला नोकरी मिळत होती. गोपाळलाही तेच वाटत होतं. भाऊ आपल्यासाठी राबतोय, आता आपण कमवावं आणि त्याचा भार हलका करावा. हिशोब म्हणून बघितलं तर त्याचं अजिबात चुकत नव्हतं. एकाच्या जागी दोन पगार आले असते आणि ८ रुपये घरात राहिले असते. कॉलेजात गेला तर उलट अजून तीन वर्षं खर्च, तोही शाळेपेक्षा जास्त. वर पास होईलच याची खात्री कोण देणार?

गोविंदरावांनी ऐकलं नाही. आणि त्यांच्याइतक्याच ठाम राहिल्या त्या वहिनी. कॉलेजच्या खर्चासाठी त्यांनी आपले दागिने मोडायला काढले. बाईचे दागिने म्हणजे तेव्हाच्या घराची फिक्स्ड डिपॉझिट. आजारपण आलं, दुष्काळ पडला, लग्न निघालं तर हात घालायची ती शेवटची जागा. ती मोकळी करून दिराच्या शिक्षणावर लावली गेली. गोखल्यांची अनेक चरित्रं या वहिनींना एका वाक्यात उरकतात, हे मात्र खटकतं.

कॉलेज निवडतानाही खिसाच बघितला गेला असणार. कोल्हापुरात राजाराम कॉलेज नुकतंच, १८८० साली सुरू झालं होतं. ते जवळ आणि ओळखीच्या गावात. गोपाळने तिथेच नाव घातलं. अडचण एवढीच होती की पदवीपर्यंतचं सगळं शिक्षण तेव्हा तिथे होत नव्हतं. त्यामुळे मधला थोडा काळ पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि बीएच्या शेवटच्या टप्प्याला मुंबईचं एल्फिन्स्टन, अशी तीन कॉलेजं झाली.

मुंबईचा खर्च ८ रुपयांत भागणारा नव्हताच. इथे कामाला आली स्कॉलरशिप. एल्फिन्स्टनमध्ये गोपाळला महिना २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. जरा आकडे शेजारी ठेवून बघा. थोरल्या भावाचा पूर्ण पगार १५ आणि धाकट्याची स्कॉलरशिप २०. पण ही स्कॉलरशिप आली शेवटी. तिच्यापर्यंत पोहोचायची वर्षं आधी कोणीतरी खिशातून भरावी लागतात आणि ती गोविंदराव आणि वहिनींनी भरली होती. ती वर्षं भरायला कोणी नसेल, तर पोरगं कितीही हुशार असो, त्या २० रुपयांपर्यंत त्याचा नंबर लागणारच नव्हता.

१८८४ साली गोखले बीए झाले. वय फक्त १८.

आता वसुलीची वेळ होती. शब्द कडवट आहे, पण कर्ज आणि दागिन्यांवर पोरगं शिकवणारं कुठलंही घर मनातल्या मनात हेच मोजत असतं. अठराव्या वर्षी ग्रॅज्युएट झालेल्या मुलासमोर वाटा बऱ्याच होत्या. आयसीएसचं नाव मोठं, पण परीक्षा लंडनला आणि वयाची मर्यादा तेव्हा १९ वर्षांची. म्हणजे हातात जेमतेम वर्ष आणि जहाजाचं भाडं भरायची ऐपत नाही. राहिलं इंजिनिअरिंग, वकिली आणि सरकारी नोकरी. वकिलीत पैसा होता, सरकारी नोकरीत पैसा आणि वजन दोन्ही.

गोखले गेले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर म्हणून. पगार ३५ रुपये. सोबत कायद्याचा अभ्यासही सुरू ठेवला. इथपर्यंत घराला काळजी नव्हती. पगार भावाच्या दुपटीहून जास्त होता आणि पोरगं पुढेमागे वकील होईल अशी आशाही होती.

पण ही शाळा साधी नव्हती. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांनी उभी केलेली. १८८४ मध्ये त्यातून डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. सोसायटीचे आजीव सभासद व्हायचं तर अट अशी की २० वर्षं इथेच शिकवायचं आणि पगार महिना ७५ रुपये. स्वस्तात चांगलं शिक्षण द्यायचं तर शिकवणाऱ्यांनीच कमी पगारावर राहायला हवं, असं ते सरळ गणित होतं.

१८८६ साली गोखले आजीव सभासद झाले. वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी पुढच्या २० वर्षांचा पगार ठरवून टाकला. ज्या घराने दागिने मोडले, त्या घराला मुलगा मोठा साहेब झालेला बघायचा होता. त्याऐवजी तो कायमचा मास्तर झाला. ७५ रुपयांत उपाशी कोणी राहणार नव्हतं, गोविंदरावांच्या पगाराच्या ती पाचपट रक्कम होती. तरी वकिली केलेल्या गोखल्यांनी किती कमावलं असतं, हा प्रश्न त्या घरात कधी आला नसेल असं मानणं अवघड आहे.

फर्ग्युसनमध्ये गोखल्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असं पडेल ते शिकवलं. अंकगणिताचं त्यांचं पुस्तक शाळांमध्ये इतकं चाललं की कैक पिढ्या त्यावर गणितं सोडवायला शिकल्या. त्याच्या मानधनाने घरखर्चालाही हातभार लागला. आजीव सभासदांनी बाहेरची कामं घ्यावीत का, यावरून सोसायटीत वाद झाले. टिळक १८९० मध्ये बाहेर पडले, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. त्यानंतर कॉलेजच्या इमारतीसाठी गावोगाव फिरून देणग्या गोळा करायचं काम गोखल्यांच्या अंगावर आलं आणि त्यांनी ते केलं.

१९०२ साली त्यांनी फर्ग्युसनचा निरोप घेतला. पेन्शन ठरली महिना ३० रुपये.

त्याच वर्षी ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. तिथे बजेटवरच्या त्यांच्या पहिल्याच भाषणाने सरकारी बाकांना घाम फोडला. सरकारच्या तिजोरीत शिल्लक दिसतेय ती देश श्रीमंत झाला म्हणून नाही, गरिबाकडून जास्त कर घेतला म्हणून दिसतेय, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून मांडलं. आण्याआण्याचा हिशोब ठेवायची सवय होतीच.

पण त्यांचा खरा जीव अडकला होता शिक्षणात. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्यात काय होतं? ६ ते १० वयाच्या मुलांना शाळा सक्तीची करायची मुभा नगरपालिका आणि जिल्हा बोर्डांना द्यायची, तीही जिथे ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जातायत तिथेच. मुलींचा विचार पुढच्या टप्प्यात. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं शिक्षण लागू केलं होतं, त्यामुळे हे भारतात जमणारच नाही असं म्हणायची सोय उरली नव्हती.

या विधेयकातलं फीचं कलम बघण्यासारखं आहे. ज्या पालकाचं उत्पन्न महिना १० रुपयांच्या आत, त्याच्या मुलाकडून फी घ्यायची नाही. इतका छोटा आकडा. १५ रुपये कमावणाऱ्या गोविंदरावांचं घरसुद्धा त्यात बसलं नसतं! गोखल्यांनी जपून मागितलं होतं, कारण जास्त मागितलं की सरकार खर्चाचं कारण पुढे करून सगळंच नाकारेल हे त्यांना ठाऊक होतं.

सरकारने तरीही नाकारलं. खर्च परवडणार नाही, लोकांकडून मागणी नाही, सक्तीची वेळ आलेली नाही, अशी कारणं निघाली. काही जमीनदारांनाही ही कल्पना रुचली नाही, शेतावरची पोरं शाळेत गेली तर काम कोण करणार? १९ मार्च १९१२ रोजी मतदान झालं. बाजूने १३, विरोधात ३८.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात गोखले गेले तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. तीन वर्षांनी, १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या पुढाकाराने मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचा अधिकार नगरपालिकांना मिळाला.