बँटिंग, त्याची कुत्री आणि आमच्या कॉलनीतला बोका

आमच्या सिडकोतल्या कॉलनीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचा मन्या हा नऊ वर्षांचा धष्टपुष्ट बोका. उन्हाळ्यात तो वाटीमागून वाटी पाणी पिऊ लागला, तेव्हा उन्हामुळे असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मग तो वाळला, मागचे पाय टेकवून चालू लागला, आणि एके दिवशी उलट्या करून कोपऱ्यात निपचित पडला. पशुवैद्यांनी तपासलं तर साखर भरमसाट आणि लघवीत कीटोन. म्हणजे कीटोॲसिडोसिस. शरीराला साखर वापरता येईना की ते चरबी जाळू लागतं, त्यातून तयार होणाऱ्या आम्लांनी रक्त बिघडतं आणि जीव धोक्यात येतो. सलाईन, इन्सुलिन, पोटॅशियम असं चार दिवस चाललं आणि मन्या वाचला.

घरी आणल्यावर बाई इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. एवढ्याशा जिवाला रोज दोनदा टोचत राहणं बरोबर की त्याला सुखाने जाऊ द्यावं, असं त्यांनी विचारलं. मी माणसांचा डॉक्टर, तेव्हा पशुवैद्य सांगतील तेच खरं, हे आधी स्पष्ट केलं. मग त्यांना फ्रेडरिक बँटिंगची गोष्ट सांगितली. कारण ती बाटली जगात आली ती मुक्या जनावरांच्या जिवावर, आणि ती आणणारा माणूस त्या काळात कुठल्याच अर्थाने यशस्वी म्हणावा असा नव्हता.

बँटिंगचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ चा. आपल्याकडे हा बालदिन, आणि बँटिंगमुळे हाच जागतिक मधुमेह दिनही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ॲलिस्टन गावाजवळ शेतकऱ्याच्या घरात, पाच भावंडांत तो धाकटा. अभ्यासात बेताचा. टोरांटोला कला शाखेत पहिल्याच वर्षी नापास झाला आणि मग १९१२ मध्ये वैद्यकीला गेला. पहिलं महायुद्ध सुरू होतं, सैन्याला डॉक्टर हवे होते, म्हणून त्याच्या वर्गाचा अभ्यासक्रम घाईघाईने उरकला गेला. आपल्याला धड वैद्यक शिकवलंच गेलं नाही ही खंत त्याला पुढे बरीच वर्षं होती. १९१८ मध्ये फ्रान्समध्ये कांब्रेच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा उजव्या हातात घुसला, तरी तो जखमींवर उपचार करत राहिला. त्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला.

परत आल्यावर त्याने लहान मुलांच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेचं शिक्षण घेतलं, पण तिथे कायमची जागा मिळाली नाही. जुलै १९२० मध्ये त्याने ओंटारिओतल्याच लंडन नावाच्या गावात दवाखाना थाटला. पहिल्या महिन्याची कमाई चार डॉलर. नवा दवाखाना उघडून रस्त्याकडे डोळे लावून बसलेल्या आमच्या कुठल्याही तरुण डॉक्टरला हा आकडा धीर देईल. घरभाड्यासाठी तो तिथल्या विद्यापीठात अर्धवेळ शिकवू लागला, आणि मिलर नावाच्या प्राध्यापकांना मांजरांच्या लहान मेंदूवरच्या प्रयोगांत मदत करू लागला. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मन्याला जरा जवळ ओढलं.

३१ ऑक्टोबर १९२० च्या पहाटे दोन वाजता त्याला ती कल्पना सुचली. दुसऱ्या दिवशीच्या तासासाठी तो स्वादुपिंडाबद्दल वाचत होता. स्वादुपिंडात दोन कामं चालतात: एक भाग अन्न पचवणारा रस बनवतो, आणि त्यात विखुरलेले पेशींचे छोटे पुंजके साखर ताब्यात ठेवणारा स्राव बनवतात. हे तोवर माहीत होतं, पण तो स्राव वेगळा काढायला गेलं की पाचक रस त्याचा फडशा पाडतो, अशी समजूत होती. बँटिंगच्या मनात आलं की रसाची नळी बांधून टाकली तर रस बनवणारा भाग सुकून जाईल आणि पुंजके तेवढे उरतील. त्याने ते वहीत टिपलं, तेही मधुमेहाचं स्पेलिंग चुकवून.

टोरांटोचे प्राध्यापक मॅक्लाउड या विषयातले जाणकार होते. त्यांना या अननुभवी शल्यविशारदाबद्दल फारसा विश्वास वाटला नाही, पण त्यांनी प्रयोगशाळा, थोडी कुत्री आणि चार्ल्स बेस्ट नावाचा २२ वर्षांचा विद्यार्थी दिला. १७ मे १९२१ ला काम सुरू झालं. महिन्याभरात मॅक्लाउड सुट्टीवर स्कॉटलंडला गेले आणि हे दोघे त्या तापलेल्या वरच्या मजल्यावर उरले. कुत्री एकामागून एक दगावत होती. शस्त्रक्रियेने, जंतुसंसर्गाने, कधी उकाड्याने. पैसे संपले तेव्हा बँटिंगने मोटार विकली. जुलैच्या अखेरीस स्वादुपिंड काढलेल्या एका कुत्र्याला अर्क टोचला आणि त्याची साखर उतरली.

त्यानंतर आली ९२ क्रमांकाची कुत्री. स्वादुपिंड नसताना अर्काच्या जोरावर ती २० दिवस जगली, त्यांच्या मागे मागे फिरली. अर्क संपला आणि ती गेली. रुग्णांचे मृत्यू पाहून आपण कधी रडलो नव्हतो, पण त्या कुत्रीसाठी डोळे भरून आले, असं बँटिंगने पुढे लिहून ठेवलं. तिच्यानंतरची मार्जोरी जवळपास ७० दिवस जगली.

अर्क पुरत नव्हता. इथे शेतकऱ्याचा मुलगा कामी आला. कत्तलखान्यात येणाऱ्या बऱ्याच गायी गाभण असतात, आणि पोटातल्या वासराच्या स्वादुपिंडात पाचक रस अजून तयार झालेला नसतो, हे त्याच्या लक्षात आलं. पुढे तर मोठ्या जनावराच्या स्वादुपिंडातूनही अल्कोहोल वापरून अर्क निघाला. म्हणजे पहाटेची ती नळी बांधण्याची कल्पना गरजेचीच नव्हती. संशोधनात असं होतं. चुकीच्या वाटेने निघालेला माणूस हट्टाने चालत राहिला म्हणून मुक्कामी पोचला. त्याच वर्षी रुमानियात पाउलेस्कू यांनीही असाच अर्क काढून कुत्र्यांवरचे निष्कर्ष छापले होते, हेही सांगायला हवं.

११ जानेवारी १९२२ ला टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. वजन जेमतेम ३० किलो. त्या काळी मधुमेही मुलांना उपाशी ठेवणं हाच उपचार होता. त्याने थोडे महिने वाढत, एवढंच. पहिलं इंजेक्शन फसलं. साखर थोडी उतरली, कीटोन तसेच राहिले आणि टोचलेल्या जागी गळू झालं. डिसेंबरमध्ये रुजू झालेले रसायनतज्ज्ञ कॉलिप यांनी रात्रंदिवस खपून तो अर्क शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा टोचला. साखर ५२० वरून १२० वर आली, लघवीतले कीटोन गेले, मुलगा उठून बसला.

कीटोॲसिडोसिसमधला रुग्ण शुद्धीवर येताना पाहणं मला आजही नवं वाटतं. श्वासाला सडक्या फळांसारखा वास, धापा टाकणारी छाती, आणि सकाळी तोच मुलगा चहा मागतो. सरकारी रुग्णालयात असे रुग्ण नेहमी येतात, आणि बऱ्याचदा कारण एकच असतं: दोन दिवस जेवण गेलं नाही म्हणून घरच्यांनी इन्सुलिनच बंद केलं, किंवा कुणीतरी काढा दिला. इन्सुलिन अजिबात न बनणाऱ्या मुलाला उपाशीपोटीही थोडं इन्सुलिन लागतंच. किती, ते डॉक्टर ठरवतील.

मन्याची गोष्ट थोडी निराळी. मांजराचा मधुमेह बहुधा आपल्या टाइप दोनसारखा असतो. जाडी, बैठं आयुष्य आणि पिठूळ खाणं. बाईंकडे तो दूध-पोळी आणि बिस्किटांवर वाढला. मांजर जन्मजात मांसाहारी, त्याला पोळी कशाला? पशुवैद्यांनी ती बंद केली. शुद्ध शाकाहारी बाई आता गॅलरीत वेगळ्या शेगडीवर त्याच्यासाठी कोंबडी उकडतात, नाकाला पदर लावून.

मी त्यांना मुख्यतः एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समजावली. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट. सिरिंजही दोन, ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी. शंभराच्या बाटलीतून चाळिसाच्या सिरिंजने घेतलं तर डोस अडीचपट जातो. माणूस घामाघूम होऊन सांगेल तरी, बोका सांगणार नाही. तो लडखडला, थरथरला तर हिरड्यांना मध चोळायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. खाल्लं नाही तर मनाने डोस देऊ नये, चुकवूही नये, आधी पशुवैद्यांना फोन. डोस दिला की कॅलेंडरवर खूण, म्हणजे बाई आणि नातू दोघांकडून दोनदा टोचलं जाणार नाही. लघवीची कीटोन-पट्टी घरात हवीच, कारण एकदा घसरलेला बोका पुन्हा घसरू शकतो. आणि वीज जाते तेव्हा बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माठात. हे मी फुलंब्री-कन्नडकडच्या रुग्णांना वर्षानुवर्षं सांगत आलो आहे.

टोरांटोत मात्र यशानंतर भांडणं जुंपली. अर्काची रीत कॉलिप सांगेनात म्हणून बँटिंग त्यांच्या अंगावर धावून गेला. मग कॉलिपनाच तो अर्क पुन्हा जमेना, तुटवडा पडला, आणि त्या दिवसांत बँटिंग दारूतही बुडाला. उन्हाळ्यात गाडी रुळावर आली. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज त्याच्याकडे आली, वजन २० किलो. ती १९८१ पर्यंत जगली.

जानेवारी १९२३ मध्ये पेटंट टोरांटो विद्यापीठाला विकलं गेलं, प्रत्येकी एका डॉलरला. त्यावर बेस्ट आणि कॉलिप यांचीही नावं होती. डॉक्टरने औषधाचं पेटंट घेऊ नये म्हणून बँटिंग सुरुवातीला स्वतःचं नाव घालायला तयार नव्हता. त्याच वर्षी नोबेल जाहीर झालं, तेव्हा त्याचं वय ३२ सुद्धा नव्हतं. पण ते मॅक्लाउड यांच्यासोबत होतं, म्हणून तो भडकला. त्याने आपली अर्धी रक्कम बेस्टला दिली, मग मॅक्लाउड यांनी कॉलिपना दिली. पुढे तो सर झाला, चित्रं काढू लागला, पण तेवढ्या तोडीचा दुसरा शोध लागला नाही. २० फेब्रुवारी १९४१ च्या रात्री युद्धकामासाठी इंग्लंडला निघालेलं त्याचं विमान न्यूफाउंडलंडमध्ये कोसळलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. वय ४९.

एक गंमत राहिली. सुरुवातीची कितीतरी वर्षं इन्सुलिन गुराडुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढलं जाई. गाईगुरांचं इन्सुलिन मांजराच्या इन्सुलिनपेक्षा फक्त एका अमिनो आम्लाने वेगळं, माणसाचं चार ठिकाणी वेगळं. तरी मन्याला आज माणसांसाठी बनवलेलंच चालतं आहे. काही मांजरांचं इन्सुलिन पहिल्या काही महिन्यांत सुटतंही, म्हणून पशुवैद्यांनी साखर बारकाईने पाहायला सांगितली आहे. बाईंनी कानाच्या कडेला टोचून थेंब घ्यायला शिकून घेतलं आहे. पहिल्या आठवड्यात त्यांचे हात थरथरत. परवा गेलो तेव्हा मन्या उकडलेल्या कोंबडीत तोंड घालून बसला होता, बाईंनी मानेची कातडी चिमटीत धरून सुई दिली, आणि त्याने मान वर करूनही पाहिलं नाही.