मुख्याध्यापक स्वामीजी



या स्मरणिकेत अनेकांनी आपापल्या सरांवर आणि बाईंवर लिहिले असेल. मी मात्र आपल्यापैकी कुणालाही न शिकवलेल्या एका मुख्याध्यापकांवर लिहितो आहे. दर १७ सप्टेंबरला झेंडावंदनाच्या भाषणात त्यांचे नाव आपण ऐकत आलो: स्वामी रामानंद तीर्थ. ते मुक्तिसंग्रामाचे नेते होते हे आपल्याला पाठ आहे. त्याआधी ते खेड्यातल्या शाळेचे मास्तर होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, आजच्या कर्नाटकातला. सोलापुरात शिकत असताना गांधीजींच्या असहकाराच्या हाकेला ओ देऊन त्यांनी सरकारी शिक्षण सोडले. पुढे अमळनेर आणि पुण्याचे टिळक विद्यापीठ असा राष्ट्रीय शिक्षणाचा मार्ग धरला. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्यासोबत काही काळ काम केले. प्रकृती ढासळल्यावर ते उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परगा या छोट्या गावी आले.

त्या काळी आपले मंठाही निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होते. संस्थानचा कारभार उर्दूत चाले. वरच्या वर्गांचे शिक्षणही उर्दूतून. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचेच. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या मुलांना पुढे शिकायचे तर आधी परकी भाषा गिळावी लागे. खासगी शाळा काढायला सरकारी परवानगी, सभा घ्यायलाही परवानगी. अशा वेळी शेतकऱ्याच्या पोराला त्याच्या भाषेत शिकवणे हेच मोठे धाडस होते.

हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली सुरू झाली होती. स्वामीजी तिथे मुख्याध्यापक झाले. १४ जानेवारी १९३० रोजी त्यांनी तिथेच संन्यास घेतला. पण भगवी वस्त्रे घालून ते हिमालयात गेले नाहीत, वर्गावरच राहिले. घरदार नाही, पगाराचा लोभ नाही. त्यामुळे मुलांना आणि गावाला पूर्ण वेळ देणारा शिक्षक लाभला.

१९३५ च्या सुमारास बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह ते अंबाजोगाईला आले. तेव्हा गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद. तिथल्या योगेश्वरी शाळेची त्यांनी नव्याने घडी बसवली. अभ्यासाबरोबर व्यायाम, स्वावलंबन आणि देशाचा विचार हे सगळे एकाच छपराखाली. पुढे मुक्तिसंग्रामात उतरलेले कितीतरी कार्यकर्ते या शाळांच्या बाकांवरून उठून आले.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. स्वामीजींनी शाळा सोडून सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा हैदराबादेत तिरंगा फडकवल्याबद्दल त्यांना पुन्हा अटक झाली. आपल्या भागाला स्वातंत्र्य पाहायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावे लागले. तेरा महिने उशिरा.

त्यानंतर ते खासदार झाले, पण मंत्रिपदाच्या मागे लागले नाहीत. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले, त्यामागे त्यांचीच धडपड होती. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

मित्रहो, आमच्या आजोबांच्या पिढीत अर्ज लिहायचा तर उर्दू जाणणारा गाठावा लागे. आपण मात्र मंठ्यात बसून मराठीतून गणित, विज्ञान, भूगोल शिकलो. १९८१ साली आपण परभणीतून जालना जिल्ह्यात आलो, गाव वाढले, तालुक्याचे ठिकाण झाले. मराठीतून शिकणे आपल्याला इतके साधे वाटते की त्यासाठी कुणी तुरुंगात गेले असेल हे ध्यानातही येत नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक सुचवतो. या मेळाव्याच्या निधीतून शाळेच्या ग्रंथालयात मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकांचे एक कपाट करावे. आणि १७ सप्टेंबरला मुलांना सुटी देण्याआधी, आपल्या गावातली म्हातारी माणसे त्या काळात काय शिकली आणि काय शिकायचे राहून गेले, हे त्यांना विचारून लिहून आणायला सांगावे. काही घरांत अजून सांगणारे आहेत. फार दिवस असतील असे नाही.