‘मेरा साया’मागचे राजाभाऊ

पुण्याहून निघालेली रेल्वे सातारा, कोरेगाव ही स्थानके मागे टाकत मिरजेला पोहोचते. याच मिरजेत २४ एप्रिल १९१० रोजी राजा परांजपे यांचा जन्म झाला. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या साथीने त्यांनी ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) व ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) यांसारखे चित्रपट दिले. विनोद आणि करुणा यांत हातखंडा असलेल्या राजाभाऊंनी १९६४ मध्ये मात्र रहस्यपटाची वाट धरली.

जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरील ‘पाठलाग’मध्ये, दिवंगत पत्नीचे रूप घेऊनच जणू एक आरोपी स्त्री वकिलासमोर उभी राहते आणि आपणच त्याची पत्नी असल्याचा दावा करते. काशिनाथ घाणेकर व भावना यांच्या भूमिकांनी हा चित्रपट गाजला. राज खोसला यांनी १९६६ मध्ये त्यावरून ‘मेरा साया’ काढला. त्यातील काही चित्रीकरण उदयपूरच्या पिचोला सरोवरातील लेक पॅलेस हॉटेलात झाले.

राजाभाऊंचे ९ फेब्रुवारी १९७९ रोजी निधन झाले. लेक पॅलेस पाहताना रसिकांना साधना आणि सुनील दत्त आठवतात. त्या सावलीचे मूळ मात्र एका मिरजकराच्या मराठी चित्रपटात आहे, याचे स्मरण मराठी माणसाने तरी ठेवायला हवे.