ज्युलियस लिलियनफेल्ड

पेडण्याच्या खाजन शेतीत मानशीचे दार खाडीचे पाणी कसे आत घेते व कसे अडविते, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ट्रान्झिस्टरमध्येही विजेच्या प्रवाहाला असेच एक दार असते. मात्र त्याच्या एका प्रकारात हे दार प्रवाहाला स्पर्शही करीत नाही. मधल्या विद्युत्‌रोधक थरापलीकडूनच ते प्रवाह कमीअधिक करते. ही कल्पना प्रथम मांडणारे शास्त्रज्ञ म्हणजे ज्युलियस एडगर लिलियनफेल्ड.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १८८२ रोजी त्या वेळच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतील लेंबर्ग शहरी झाला. आज ते युक्रेनमध्ये आहे. १९०५ साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्यांनी लाइपझिग येथे क्ष-किरणांच्या नळ्यांवर संशोधन केले व पुढे अमेरिकेत स्थायिक झाले.

१९२५ साली त्यांनी कॅनडात आपल्या साधनाच्या एकस्वासाठी अर्ज केला. परंतु खरे नवल आहे ते १९२८ च्या अमेरिकन अर्जात. त्यात अॅल्युमिनियमचा पत्रा हेच दार, त्यावर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि त्यावर तांबे व गंधक ह्यांच्या संयुगाचा अर्धवाहक, अशी रचना होती. आपल्या स्वयंपाकघरातील अॅल्युमिनियमच्या पातेल्यावरही ह्याच ऑक्साइडचा पापुद्रा असतो!

१९३३ साली एकस्व मिळाले, तथापि जगाने त्याची दखल घेतली नाही. त्या काळी पुरेसे शुद्ध अर्धवाहक मिळत नसत. शिवाय अर्धवाहकाच्या पृष्ठभागावर अडकून पडलेले विद्युत्‌भार दाराचा प्रभाव आत पोहोचू देत नसत. १९४७ साली बेल प्रयोगशाळेत बार्डीन व ब्रॅटन ह्यांनी वेगळ्या धर्तीचा ट्रान्झिस्टर घडविला आणि कीर्ती त्यांच्याकडे गेली. तरीही बेलच्या वकिलांना एकस्वांचे अर्ज लिहिताना लिलियनफेल्ड ह्यांच्या जुन्या कागदांना वळसा घालावा लागला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

१९५९ साली त्याच प्रयोगशाळेत अटाला व कांग ह्यांनी सिलिकॉनवर त्याच्याच ऑक्साइडचा थर देऊन असे साधन यशस्वी केले. लिलियनफेल्ड त्या वेळी हयात होते. २८ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांवर त्यांचे निधन झाले.

गॅलियम आर्सेनाइडसारख्या संयुगांचा प्रश्न मात्र राहिला. त्यांत इलेक्ट्रॉन सिलिकॉनपेक्षा वेगाने धावतात, पण त्यांच्या स्वतःच्या ऑक्साइडने पृष्ठभागावरील भार शमत नाहीत. म्हणून एकविसाव्या शतकात संशोधकांनी निरनिराळे रोधक थर एकावर एक देऊन पाहिले: वर हॅफ्नियम ऑक्साइड, आणि खाली, अर्धवाहकाला लागून, लिलियनफेल्ड ह्यांनी १९२८ साली निवडलेले तेच अॅल्युमिनियम ऑक्साइड.