सूर्यातली राख शोधणारा कारकून

विज्ञानकथांवर बेतलेल्या खेळांत मुले तारायानाच्या टाकीत हायड्रोजन किंवा हेलियम भरतात आणि निघतात. यातले इंधन कोणते आणि राख कोणती, हे कळायला शास्त्रज्ञांना अर्धे शतक लागले. त्याची सुरुवात करणाऱ्यांपैकी एक सर नॉर्मन लॉकियर. हे गृहस्थ आपल्या विजयदुर्गावर येऊन गेले आहेत.

लॉकियर यांचा जन्म १८३६ मध्ये इंग्लंडमधील रग्बी गावी झाला. पोटापाण्यासाठी ते लंडनच्या युद्ध खात्यात कारकुनी करत आणि फावल्या वेळी घरच्या दुर्बिणीतून आकाश पाहत.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन होते. सांगलीसारखेच पटवर्धनांचे संस्थान असलेल्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिल्यावर तेजस्वी रेषा दिसल्या. ज्वाला तप्त वायूच्या होत्या. ग्रहण नसतानाही त्या दिसू शकतात, हे जान्सेन यांनी दुसऱ्याच दिवशी ताडले. लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला लंडनमध्ये स्वतंत्रपणे तेच साधले. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली.

त्या वर्णपटातली एक पिवळी रेषा अनेकांना सोडियमची वाटली. लॉकियर यांनी मोजले, तर ती सोडियमच्या जोडरेषेच्या जवळ होती, पण तिच्यावर बसत नव्हती. पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना. सूर्याच्या ग्रीक नावावरून या नव्या द्रव्याला हेलियम नाव मिळाले. अनेक रसायनशास्त्रज्ञांना ते पटले नाही. तब्बल २७ वर्षांनी, १८९५ मध्ये, रॅमसे यांना युरेनियमच्या खनिजातून तोच वायू मिळाला. मधल्या काळात, १८६९ मध्ये, लॉकियर यांनी 'नेचर' नियतकालिक सुरू केले आणि पन्नास वर्षे त्याचे संपादन केले.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी ते विजयदुर्गावर आले. हेलियमचा शोध तिथेच लागला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो तीस वर्षे आधीचा. त्या दिवशी चंद्राची सावली विजयदुर्गाहून कऱ्हाड भागावरून सोलापूर जिल्ह्यातील जेऊरकडे गेली. जेऊरला पुण्याचे प्राध्यापक नायगामवाला दुर्बिणी लावून बसले होते.

हेलियम सूर्यात काय करतो, हे मात्र लॉकियर यांना शेवटपर्यंत उमगले नाही. १६ ऑगस्ट १९२० रोजी ते वारले. आठच दिवसांनी कार्डिफ येथील भाषणात एडिंग्टन यांनी सुचवले, की सूर्याची ऊर्जा हायड्रोजनचा हेलियम होण्यातून येत असावी. चार हायड्रोजन अणूंपेक्षा एक हेलियम अणू सुमारे ०.७ टक्के हलका असतो आणि त्या तुटीची ऊर्जा होते. म्हणजे लॉकियर यांनी ओळखलेले द्रव्य हीच सूर्याच्या चुलीतली राख!

मग तारायानात काय भरावे? साधा हायड्रोजन फार संथ जळतो. सूर्याला ते परवडते, कारण तो अवाढव्य आहे. ड्युटेरियम समुद्राच्या पाण्यात मिळतो, सुमारे ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक. त्याच्या जोडीला ट्रिटियम घेतला तर तो सर्वांत लवकर पेटतो. पण दर १२.३ वर्षांनी निम्मा उरतो, म्हणजे लांबच्या प्रवासात टाकीतच संपत जातो. शिवाय या जोडीची सुमारे ८० टक्के ऊर्जा न्यूट्रॉन नेतात. ते शरीरातल्या पेशींना घातक असल्याने प्रवाशांभोवती जाड, जड कवच लागते.

ड्युटेरियम आणि हेलियम-३ ही जोडी त्या मानाने सौम्य. तिच्यातून मुख्यतः विद्युतभारित कण निघतात आणि चुंबकाने ते यानामागे वळवता येतात. मात्र तिला तापमान कितीतरी जास्त लागते आणि हेलियम-३ पृथ्वीवर अत्यल्प आहे. चंद्राच्या मातीत तो थोडा आहे, गुरूच्या वातावरणात भरपूर.

फुग्यात भरतात आणि मिरजेच्या रुग्णालयांत एमआरआय यंत्राचे चुंबक ज्याने थंड ठेवतात, तो मात्र हेलियम-४. मुलांनी टाकीवर नुसते 'हेलियम' लिहिले असेल, तर पुढे ३ चा आकडा घालायला सांगा. नाहीतर यान राखेवर चालवल्यासारखे होईल.