ईश्वराविना धर्म : ऑग्यूस्त काँतचे जीवित

नास्तिकता हाही एक धर्मच होय, असे वादात आस्तिक मनुष्य पुष्कळदा चिमटा काढण्यासाठी म्हणतो, आणि नास्तिक तितक्याच तत्परतेने ते विधान झिडकारतो. या प्रश्नाचा निकाल निव्वळ तर्काने लावण्यापूर्वी एका आयुष्याकडे पाहणे उपयुक्त ठरेल. ऑग्यूस्त काँत या फ्रेंच तत्त्वज्ञाची ईश्वरावरील श्रद्धा कोवळ्या वयातच सुटली. पुढे उत्तरायुष्यात त्याने वेदी, पुरोहित, संस्कार आणि पंचांग यांसह एक संपूर्ण धर्म रचला. आणि तरीही नास्तिक हे नाव त्याने कधी स्वीकारले नाही.

काँतचा जन्म १९ जानेवारी १७९८ रोजी दक्षिण फ्रान्समधील माँपेल्ये येथे झाला. वडील करखात्यात नोकरीस होते. घराणे कॅथलिक आणि राजनिष्ठ. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याने या दोन्ही निष्ठांचा त्याग केला. १८१४ साली तो पॅरिसच्या एकोल पोलितेक्निक या विख्यात विद्यालयात दाखल झाला. परंतु विद्यार्थ्यांच्या बंडखोरीचे निमित्त होऊन १८१६ मध्ये राजसत्तेने ते विद्यालयच काही काळ बंद केले आणि काँत पदवीवाचून बाहेर पडला. १८१७ ते १८२४ ही वर्षे त्याने सँ-सीमाँ या समाजचिंतकाचा चिटणीस म्हणून काढली. क्रांतीने जुना धर्म मोडला खरा, पण त्याच्या जागी समाजाला बांधून ठेवणारे काय आणावयाचे, हा प्रश्न त्याला तेथेच भेटला.

१८२६ च्या वसंतात त्याने राहत्या घरी प्रत्यक्षार्थवादावर व्याख्यानमाला आरंभिली. श्रोत्यांत अलेक्झांडर फोन हुम्बोल्टसारखे शास्त्रज्ञ होते. तीन व्याख्याने झाली आणि वक्त्याचे मन ढळले. एस्कीरोल या प्रख्यात मनोवैद्याच्या रुग्णालयात काही महिने काढून तो परतला, तेव्हा आईच्या आग्रहाने त्याच्या नोंदणी-विवाहावर धर्मगुरूकरवी चर्चचे संस्कार करविण्यात आले. भ्रमिष्ट अवस्थेतील वराने नोंदवहीत सही करताना आपल्या नावाआधी ब्रूटस व बोनापार्ट ही दोन नावे जोडली. १८२७ मध्ये त्याने सेन नदीत उडी घेतली, सुदैवाने वाचला. १८२९ मध्ये त्याने तीच व्याख्याने पुन्हा आरंभापासून दिली, हे मला त्याच्या आयुष्यातील सर्वांत धैर्याचे कृत्य वाटते.

त्या व्याख्यानांतून १८३० ते १८४२ या काळात सहा खंडांचा ग्रंथ सिद्ध झाला. मानवी बुद्धी प्रथम देवदेवतांच्या इच्छेने सृष्टीचा उलगडा करते, मग अमूर्त तत्त्वांनी, आणि अखेरीस निरीक्षणाने कळणाऱ्या नियमांवर संतुष्ट होते, ही त्याची तीन अवस्थांची उपपत्ती सर्वपरिचित आहे. या क्रमात नास्तिकतेला त्याने कोठे बसविले, याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष जाते. त्याने तिला तिसऱ्या अवस्थेचा मान दिला नाही. विश्व कोणी व कशासाठी निर्मिले, हा धर्मशास्त्राचाच प्रश्न नास्तिक कवटाळून बसतो आणि त्याचे केवळ उलटे उत्तर देतो. तो अर्धामुर्धाच मुक्त झालेला असतो, असे काँतचे मत होते. तो प्रश्न सोडावयाचाच नसेल, तर आंधळ्या यंत्रापेक्षा एखाद्या इच्छाशक्तीची कल्पना अधिक संभाव्य आहे, येथपर्यंत त्याची मजल गेली. भारतीय वाचकास यात फारसे नवल वाटू नये. आपल्या परंपरेत वेद नाकारणारा तो नास्तिक. जगत्कर्ता ईश्वर न मानणारी पूर्वमीमांसा मात्र आस्तिक दर्शनांत सन्मानाने बसते.

एव्हाना काँतचे संसारसुख संपले होते. १८४२ मध्ये पत्नी कारोलीन त्याला सोडून गेली. पुढे पोलितेक्निकमधील परीक्षकाचे पदही गेले. १८४४ मध्ये क्लोतिल्द द व्हो ही तरुणी त्याच्या परिचयाची झाली. तिचा पती जुगाराच्या कर्जापायी परागंदा झाला होता, आणि तेव्हाच्या फ्रेंच कायद्यात घटस्फोटच नव्हता. तिने काँतला स्नेह दिला, प्रेम नाकारले. ५ एप्रिल १८४६ रोजी ती क्षयाने वारली. ती येऊन बसत असे ती खुर्ची काँतची वेदी झाली. तिच्यासमोर तो दररोज तीनदा गुडघे टेकून तिचे स्मरण करी आणि दर आठवड्याला तिच्या थडग्यास जाई.

या शोकातून मानवताधर्म उभा राहिला, असे म्हणणे अर्धे खरे आहे. त्याची रूपरेषा पूर्वीच्या लेखनात होती, पण तिला प्राण येथे मिळाला. ईश्वराच्या स्थानी मानवता आली; तीत होऊन गेलेले, असलेले आणि व्हावयाचे असे सर्व सामावलेले. परलोक नाही, मृताचे अमरत्व जिवंतांच्या स्मरणात. १८४९ च्या पंचांगात अठ्ठावीस दिवसांचे तेरा महिने होते, मोझेस, होमर, दान्ते, शेक्सपिअर अशा थोरांच्या नावांचे, आणि उरलेला एक दिवस सर्व मृतांचा. संस्कार नऊ, त्यांतील शेवटचा मृत्यूनंतर सात वर्षांनी व्हावयाचा, मृताच्या आयुष्याचा न्याय करून त्याला मानवतेत सामावून घेणारा. श्राद्धपक्ष पाळणाऱ्या समाजातील वाचकाला यावर हसणे जड जाते.

युरोप मात्र हसला. त्याला कारणेही होती: स्वतः महापुरोहित झालेल्या काँतने वाचनीय ग्रंथांची यादी ठरवून दिली आणि लुई नेपोलियनच्या सत्ताग्रहणास पाठिंबा दिला. त्याचा श्रेष्ठ शिष्य, कोशकार एमील लित्रे, १८५२ मध्ये दूर झाला. त्याने तत्त्वज्ञान ठेवले आणि धर्म टाकला. मिलनेही १८६५ मध्ये तोच भेद केला. माझ्या मते आरंभीच्या प्रश्नाला येथे उत्तर मिळते. अश्रद्धा हाच धर्म असता, तर काँतला तो वेगळा उभारावा लागला नसता, आणि लित्रेला तो सोडून प्रत्यक्षार्थवादी राहता आले नसते.

५ सप्टेंबर १८५७ रोजी काँत निवर्तला. त्याच वर्षी त्याचा इंग्रज अनुयायी रिचर्ड काँग्रीव्ह याने इंग्रजांनी हिंदुस्थान सोडावा, असे सांगणारी पुस्तिका लिहिली. १८८९ मध्ये ब्राझीलच्या प्रजासत्ताकाने आपल्या ध्वजावर काँतच्या सूत्रातील सुव्यवस्था आणि प्रगती ही दोन पदे घेतली. पहिले पद, प्रेम, गळले. महाराष्ट्रात आगरकरांची पिढी मिल आणि स्पेन्सर वाचीत होती. बंगालमध्ये काँतला अधिक जवळचे वाचक लाभले. बंकिमचंद्रांनी त्याच्याशी गंभीरपणे झुंज घेतली, पण आपल्या धर्मविचाराच्या केंद्रस्थानी ईश्वरभक्तीच ठेवली. जोगेंद्रचंद्र घोष यांना मात्र काँतच्या पुरोहितवर्गात ब्राह्मणांच्या जुन्या नेतृत्वाची नवी समर्थने दिसली. ईश्वर वगळलेला हा धर्म त्यांनी वर्णव्यवस्थेशी जुळवून पाहिला.