निराधार लेकरांची माउली : सावित्रीबाई फुले



हजेरी घेताना एखाद्या नावापुढे सलग आठ दिवस गैरहजेरीची खूण पडली की शिक्षकाच्या मनात पाल चुकचुकते. आठवीतला एक चुणचुणीत मुलगा असाच अचानक दिसेनासा झाला. त्याच्या घरी गेलो तेव्हा कळले की वडिलांचा इंतकाल झाला आहे, अम्मी चार घरची धुणीभांडी करते, मुलगा केळीच्या गाड्या भरावयास जातो आणि पाचवीतली बहीण शाळा सोडून धाकट्या भावाला सांभाळते. मी फी-माफीची आणि वह्या-पुस्तकांची गोष्ट काढली. त्या माउलीने शांतपणे विचारले की वह्या मिळतील, पण संध्याकाळच्या चुलीचे काय? माझ्यापाशी उत्तर नव्हते. मूल शाळेत गळत नाही, ते आधी घरात गळते, ही गोष्ट बी.एड.च्या पुस्तकांपेक्षा त्या ओट्यावर मला जास्त चांगली समजली.

ही गोष्ट पावणेदोनशे वर्षांपूर्वी ज्यांना नीट उमगली होती, त्या सावित्रीबाई फुले यांचे चरित्र आज मी तुमच्यापुढे ठेवीत आहे. त्यांनी मुलींना शिकविले हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यांनी निराधार मुलांना आणि त्यांच्या मातांना कसे जगविले, ही बाजू आपण फारशी पाहत नाही.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे, खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० साली पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी त्यांचा विवाह झाला. तेव्हा नवरी ९ वर्षांची आणि नवरदेव १३ वर्षांचा होता. नवरीला अक्षरओळख नव्हती आणि नवरदेवाची शाळा सुटलेली होती.

जोतीराव वर्षाचेही नव्हते तेव्हा त्यांची आई वारली. त्यांना लहानाचे मोठे केले ते सगुणाबाई या नात्यातल्या बालविधवेने. पुढे वडिलांनी मुलाचे नाव शाळेतून काढून त्याला मळ्यातल्या कामाला जुंपले. अशा वेळी शेजारचे दोन गृहस्थ मध्ये पडले. एक होते गफार बेग मुन्शी, उर्दू-फारसीचे शिक्षक. दुसरे लिजिट नावाचे इंग्रज साहेब. दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत बसले. वाचकहो, विचार करा. एका विधवेने ते पोरके मूल सांभाळले नसते आणि एका मुसलमान शिक्षकाने शेजाऱ्याच्या दारी जाऊन चार शब्द खर्चले नसते, तर महाराष्ट्राला महात्मा फुले मिळाले असते का?

जोतीरावांनी आपल्या पत्नीला शिकविले. १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिक्षिका झाल्या. वाटेत लोक त्यांच्या अंगावर शेण, चिखल टाकीत. त्या शाळेत जाऊन दुसरे लुगडे नेसत व शिकवावयास लागत. समाजाच्या धाकाने १८४९ साली सासऱ्यांनी दोघांना घराबाहेर काढले. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्या या जोडप्याला आसरा दिला तो उस्मान शेख यांनी, असे चरित्रकार सांगतात. त्याच घरातल्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सोबतीने शिकवू लागल्या. फातिमांविषयी कागदोपत्री फार थोडे उरले आहे. परंतु १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी माहेराहून, आजारपणात, जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांचा उल्लेख आहे. आपण नसताना सारा भार फातिमेवर पडला असेल, तरी ती कुरकुर करणार नाही, असा भरवसा त्या पत्रात दिसतो. सहकारी शिक्षिकेला याहून मोठे प्रमाणपत्र कोणते असू शकते?

१८५१ आणि १८५२ साली मुलींच्या आणखी शाळा निघाल्या. १८५५ साली दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू झाली. मूल शिकवावयाचे तर आईबापांनाही दोन अक्षरे यावीत, हा त्यामागचा व्यवहारी विचार होता.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. त्या काळी उच्चवर्णीयांत लहान वयात लग्ने होत, मुली लहान वयातच विधवा होत, आणि त्यांना पुन्हा लग्न करण्याची मुभा नव्हती. अशा एखाद्या असहाय स्त्रीवर कुणी घरचा वा शेजारचा पुरुष हात टाकी आणि मग हात झटकून मोकळा होई. तिच्यापुढे तीनच वाटा उरत : विहीर, विषारी औषध किंवा जन्मलेल्या मुलाचा गळा. पुण्यात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या एका ब्राह्मण विधवेने असेच आपले नवजात मूल मारले. तिला जन्मठेप होऊन काळ्या पाण्यावर पाठविण्यात आले. ज्याने तिला फसविले त्याचे काहीच बिघडले नाही.

या घटनेने फुले पती-पत्नी कळवळले. १८६३ साली त्यांनी आपल्या राहत्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि शहरात भिंतींवर जाहिराती लावल्या. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे व सुखरूप बाळंत व्हावे, मूल सोबत न्यावे किंवा येथेच ठेवावे, ते त्यांच्या मर्जीवर राहील, असा त्यांचा आशय होता. आलेल्या बाईला कोणी कुळ विचारीत नसे की दोष देत नसे. तिची बाळंतपणे, तिचे पथ्यपाणी, बाळाची न्हाणीमाखणी सावित्रीबाई स्वतः करीत. त्यांना स्वतःचे मूल झाले नाही. परंतु त्या घरात पाळण्याची दोरी थांबली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, थोरांच्या चरित्रात आपण फक्त यश शोधतो. म्हणून एक कठीण आकडा मुद्दाम सांगतो. १८८४ साली जोतीरावांनी सक्तीच्या वैधव्यावर सरकारसाठी जे टिपण लिहिले, त्यात या गृहाचा हिशोब दिला आहे. तोवर ३५ विधवा तेथे बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जिवंत होती, ३० दगावली होती. बदनामीच्या भीतीने आयांनी आधीच घेतलेल्या औषधांनी ती मुले पोटातच जायबंदी झाली होती. म्हणजे त्या बायका दारात येईपर्यंत उशीर झालेला असे, आणि तो उशीर लोकांच्या जिभेने केलेला असे. एवढी मुले हातावर गेली तरी सावित्रीबाईंनी २० वर्षांत ते दार लावून घेतले नाही. माझ्या मते त्यांचा मोठेपणा वाचलेल्या ५ मुलांत जितका आहे, तितकाच त्या न लावलेल्या दारातही आहे.

त्या घरात जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले. त्याचे नाव यशवंत. त्याला शिकवून डॉक्टर केले. १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र करून त्याला वारस नेमले. विधवेचा मुलगा म्हणून त्याला मुलगी द्यावयास लोक कचरत. अखेर ज्ञानोबा ससाणे यांनी आपली कन्या दिली आणि १८८९ साली सत्यशोधक पद्धतीने विवाह झाला. लग्नाआधी या मुलीला सावित्रीबाईंनी घरी आणून ठेवले होते, ते चूल फुंकण्यासाठी नव्हे, तिचा अभ्यास व्हावा म्हणून.

१८७६-७७ च्या भीषण दुष्काळात सत्यशोधक समाजाच्या मंडळींबरोबर त्या गावोगाव फिरल्या. २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नरजवळच्या ओतूरहून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले, त्यात अन्नावाचून मरणारी जनावरे आणि मुलाबाळांसह गाव सोडणारी माणसे डोळ्यांपुढे उभी राहतात. पुण्याजवळ धनकवडी येथे समाजाने दुष्काळातल्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला, आणि मे महिन्यात त्यासाठी वर्तमानपत्रातून मदतीचे जाहीर आवाहन केले. पदर पसरण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, कारण तो स्वतःसाठी पसरलेला नव्हता.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. अंत्ययात्रेत अग्नीचे मडके धरण्यावरून वाद निघाला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. पुढे समाजाची धुरा त्यांनी वाहिली. १८९३ साली सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या.

१८९७ साली पुण्यात प्लेगने हाहाकार केला. सख्खे नातलग रोग्याला टाकून पळत होते. सावित्रीबाईंनी डॉक्टर यशवंतास बोलावून हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना सुरू केला. मुंढवा गावातला पांडुरंग गायकवाड नावाचा एक मुलगा तापाने फणफणला आहे असे कळताच ६६ वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. अखेरचे ओझेही त्यांनी दुसऱ्याच्या लेकराचेच वाहिले.

आज पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ते २०१४ साली दिले गेले. परंतु आपल्या कामाची गोष्ट दुसरीच आहे. अनाथ, तसेच आई किंवा वडील गमावलेल्या मुलांना अनाथाश्रमात न धाडता घरीच वाढविता यावे म्हणून महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे. २०२३ साली तिला सावित्रीबाईंचे नाव देण्यात आले व प्रत्येक पात्र मुलासाठी दरमहा २,२५० रुपये ठरविण्यात आले. आपल्या भागातील लोकांनी त्यासाठी जळगावच्या जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. एखादे मूल संकटात दिसले तर १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो, त्याला पैसे पडत नाहीत.

पालकहो, यतीमाच्या डोक्यावरून हात फिरविण्याचे महत्त्व आपल्याला नव्याने शिकविण्याची गरज नाही. आपल्या मोहल्ल्यात सढळ हाताने देणारी माणसे पुष्कळ आहेत. परंतु रमजानमध्ये पोहोचविलेले धान्य शव्वालमध्ये संपते, आणि बेवा बाईच्या येण्याजाण्याची चर्चा मात्र बारा महिने चालते. तिला शिधा देऊन इज्जत काढून घेतली तर तिचे मूल कसे टिकेल? सावित्रीबाईंनी आईला आधी माणूस मानले, म्हणून तिचे मूल वाचविण्याची त्यांना संधी मिळाली. मूल वाचवावयाचे तर घर वाचवावे लागते. आणि घर वाचविण्याकरिता संस्थाच हवी असे नाही. गफार बेग मुन्शींनी काही संस्था काढली नव्हती, ते फक्त शेजारी होते.

आता त्या मुलाचे सांगतो. शेजारच्या चार घरांनी मिळून किराण्याची जबाबदारी घेतली, एका वकील बांधवाने योजनेचा अर्ज भरून दिला, आणि तो मुलगा पुन्हा वर्गात बसतो. त्याची बहीण मात्र अद्याप आलेली नाही. धाकट्या भावाला सकाळी चार तास सांभाळणारे घर हवे आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचा ओटा त्या गल्लीत असेल, तर कृपया शाळेत येऊन भेटावे.